वीस मीटरच्या दोन रेघा

टेनिसच्या मातीच्या कोर्टात विटांची भुकटी असते, हे रूपा वाघे हिला कुणी सांगावं लागलं नाही. नवीन पनवेलच्या त्या अकादमीत कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी तिने वाकून चिमूटभर माती बोटांत चोळली आणि म्हणाली, "ही तर भट्टीची हाय."

तिचं अर्धं आयुष्य वीटभट्टीवर गेलं होतं. दिवाळी झाली की कर्नाळ्याच्या डोंगराखालच्या कातकरवाडीतून बिऱ्हाडं उठायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. तिचा नवरा मंगळ्या भट्टीवरच गेला. डोक्यावर विटा घेऊन चढण चढता चढता तो खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घातलं. मुकादम म्हणाला, "सकाळीच लावून आला वाटतं." रूपालाही तसंच वाटलं. रागारागाने तिने त्याच्या वाटच्या विटा उचलल्या, दोन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला त्याच्या खांद्याला हात लावला, तर तो तसाच कलंडला. महिनाभर तो सांगत होता की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. कुणी मनावर घेतलं नव्हतं. तिनेही नाही.

त्यानंतर ती भट्टीवर गेली नाही. अकादमीत तिला आता सातवं वर्ष चालू होतं. पहाटे चार कोर्टांना पाइपने पाणी मारायचं, माती ओढून सारखी करायची, रोलर फिरवायचा, पांढऱ्या रेघांवरची धूळ ब्रशने काढायची. मुलं तिला रूपामावशी म्हणत. खेळ तिला फारसा कळत नसे, पण कोण कसं धावतं ते तिला कोर्टावरच्या खुणांवरून कळे. रोज संध्याकाळी त्या खुणा पुसायचं काम तिचंच होतं.

ऑक्टोबरात मिथुन सरांनी नवी टेस्ट आणली. सर तिशीचे, स्वतः चांगले खेळलेले, बोलायला कडक. पोरांना ओळीत उभं करून ते म्हणाले, "एक पॉइंट दहा सेकंदांत संपतो, पण मॅच तीन तास चालते. तिसऱ्या तासाला ज्याची छाती भरून येते तो हरतो. तुम्ही रॅकेट कशी धरता ते मला दिसतं. आतलं इंजिन केवढं आहे ते आज दिसेल."

टेस्ट साधीच होती. वीस मीटरच्या अंतरावर दोन रेघा. मध्ये स्पीकर. टूं झालं की एका रेघेवरून सुटायचं आणि पुढचं टूं व्हायच्या आत दुसरी गाठायची. तिथून परत. दर मिनिटाला पातळी एकाने वाढायची आणि दोन आवाजांमधला वेळ कमी व्हायचा. लागोपाठ दोनदा रेघ चुकली की बाद. टेप धरून वीस मीटर मापायचं आणि रेघांच्या टोकांना प्लास्टिकचे कोन ठेवायचे हे काम रूपाकडे आलं. तिने अंतर दोनदा मापलं.

त्या दिवशी एकेक पोर गळत गेलं आणि शेवटी एकटी दिपिका धावत राहिली. पंधरा वर्षांची, उंच, उलव्याच्या धनेश म्हात्रेंची एकुलती एक मुलगी. म्हात्र्यांचं गाव विमानतळात गेलं होतं. आता उलव्यात त्यांचं चार मजली घर होतं आणि धनेश स्वतः इमारती बांधत होता. लेकीला तो रोज सकाळी स्वतः गाडीने आणून सोडायचा. दिपिका नवव्या पातळीला थांबली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धनेश जाळीबाहेरून ओरडला, "अजून होता दम तुझ्यात!"

टाळ्या थांबल्या, बाकीची पोरं पाण्याकडे पळाली. दिपिका मात्र जाळीच्या तारेत बोटं अडकवून उभी होती. रूपा बाटली घेऊन गेली. पोरीचा चेहरा लाल नव्हता. एवढं धावल्यावर माणूस लालबुंद होतो. हिच्या तोंडावर राख फासल्यासारखा रंग होता आणि कपाळावरचा घाम थंड होता.

"काय होतंय बाय?"

"काही नाही मावशी. दमले."

रूपाने भट्टीवर दमलेली माणसं शेकड्याने पाहिली होती. दमलेला माणूस बसतो, पाणी पितो, शिव्या देतो आणि हळूहळू माणसात येतो. दिपिकाला माणसात यायला पाव तास लागला. रूपा रोलर फिरवता फिरवता बघत होती.

डिसेंबरात परत टेस्ट झाली. दिपिकाचा फोरहँड तोवर असा बसला होता की तिच्याहून मोठी मुलं तिच्यासमोर उभी राहायला कचरत. टेस्टमध्ये मात्र ती आठव्या पातळीलाच थांबली. जानेवारीत सातवी सुरू होताच बाद झाली. सरांनी वही मिटली.

"खेळ वाढतोय आणि दम घटतोय? असं होत नसतं, दिपिका. हा आळस आहे. मोबाइल कमी कर."

घरी जाताना गाडीत बापाचा आवाज चढलेला रूपाला गेटपर्यंत ऐकू आला.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी तिला सरावानंतर वेगळं धावायला लावलं. रोज वीस फेऱ्या. पोरगी तक्रार करत नसे. एका सकाळी फेऱ्या संपवून ती बाथरूमकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. रूपा बघायला गेली. दिपिका बेसिनखाली ओल्या फरशीवर पडली होती, एक हात अंगाखाली मुडपलेला. रूपाने तिला उचलून मांडीवर घेतलं. डोळे उघडले, पण ती कुठे आहे हे तिला क्षणभर कळेना. रूपाचा हात तिच्या पाठीवर होता. तळव्याखाली काळीज धडधडत होतं, मध्येच एक ठोका गायब होई आणि मग दोन एकदम येत.

"मावशी, कुणाला बोलू नका."

"याच्या आदी कदी पडलेलीस?"

दिपिका उठून बसू लागली.

"बाय, किती वेळा?"

"दोनदा. एकदा घरी, जिन्यात. मावशी, फेब्रुवारीत पुण्याची माणसं येणारेत, कॅम्पसाठी निवडायला. आठवी पातळी लागते. आठ झाले की मग मी डॉक्टरांकडे जाईन, शप्पथ. आत्ता कळलं तर पप्पा मला… नाही, सर मला पाठवणारच नाहीत."

तिने रूपाचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. रूपाने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दिवसभर कोर्टाला पाणी मारताना तिला गुडघ्यांत डोकं घातलेला मंगळ्या दिसत राहिला.

संध्याकाळी ती मिथुन सरांपुढे उभी राहिली.

"सर, दिपिका आज पडली. चक्कर येऊन. तिच्या छातीत कायतरी हाय."

सर उठले. दिपिकाला सगळ्यांसमोर बोलावून विचारलं, "तुला चक्कर आली?"

"नाही सर. पाय घसरला. मावशींना उगाच वाटलं."

सरांनी कपाटातून तिचा फॉर्म काढला. चक्कर येते का, छातीत दुखतं का, घरात कुणाला हृदयाचा आजार आहे का. तिन्हींपुढे 'नाही'. खाली एका डॉक्टरचा शिक्का होता. तो घ्यायला दिपिका गेलीच नव्हती. धनेशच्या ऑफिसातला माणूस जाऊन शिक्का मारून आला होता. पण हे तेव्हा रूपाला ठाऊक नव्हतं आणि सरांनाही नाही.

"रूपाबाई," सर म्हणाले, आवाज न चढवता, "तुम्ही कोर्ट सांभाळा. पोरांच्या मनात भीती घालू नका."

त्यानंतर दिपिका तिच्याकडे बघेना.

सोमवारी अकादमी बंद असे. रूपाने लुगडं बदललं आणि उलव्याची बस धरली. धनेशची आई सखूबाई तिला दुरून माहीत होती. रूपाची आई जनी एके काळी म्हात्र्यांच्या शेतावर लावणीला जायची आणि लहानगी रूपा बांधावर बसायची. आता ते शेतही विमानतळात गेलं होतं. चार मजली घराच्या तळमजल्यावर, गाड्यांच्या शेजारी खुर्ची टाकून सखूबाई एकटीच बसली होती.

"तू जनीची ना गो?" म्हातारीने ओळखलं. "चाल बस. काय काम काढलंस?"

रूपाने सगळं सांगितलं. राखेसारखा चेहरा, फरशीवर पडलेली पोर, चुकणारा ठोका. सांगताना तिला वाटत होतं, आता ही आपल्याला हाकलून देणार. ऐकता ऐकता सखूबाईचे हात पदराचं टोक पिळू लागले.

"पोर धावल्यावर पडते का उभी असताना?"

"धावल्यावर, काकी."

"जगन पन खेलतानाच पडला," सखूबाई म्हणाली.

जगन हा तिचा थोरला. एकोणीस वर्षांचा, गावच्या कबड्डीच्या संघातला सगळ्यात चपळ गडी. जत्रेच्या सामन्यात चढाई करून, दोघांना बाद करून तो आपल्या बाजूला परत आला. लोक ओरडत होते. तो हसला, खाली बसला आणि उठलाच नाही. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं बाहेरचं काही. भगत आणला. तो म्हणाला, या पोराचं नाव घरात घेऊ नका, नाहीतर धाकट्यावर येईल.

"धनेश चार वरसांचा व्हता. त्याला आमी सांगितला, भाऊ तापानं गेला. फोटो पन जालून टाकला. चालीस वरसां झाली, मी त्याचा नाव घेतला नाय. आज तुज्याम्होरं घेतला."

समोरच्या रस्त्यावरून खडी भरलेले डंपर एकामागून एक जात होते आणि सखूबाईच्या पायांवर धूळ बसत होती. मग सखूबाईने आतून फोन मागवला, धनेशला लावला. रूपाला पलीकडचं स्पष्ट ऐकू येत होतं. आधी तो हसला. मग जगनचं नाव ऐकून चिडला. "आई, त्या कातकरणीचं ऐकून तू काय मनाला येईल ते बोलतेस! गुरुवारी सिलेक्शन आहे. एकदा ते होऊ दे, मग कुठे दाखवायचं तिथे दाखवू."

फोन ठेवून सखूबाई म्हणाली, "गुरवारी मी येतंय. त्याच्याम्होरं सगल्यांना सांगन."

बुधवारी संध्याकाळी रूपा रेघा झाडत होती, तेव्हा दिपिका तिच्याजवळ आली. आठवड्यात पहिल्यांदाच.

"मावशी, उद्या कोन तुम्हीच ठेवणार ना?"

"हो."

"एक मीटर आत ठेवा ना. एकच. कुणाला कळणार नाही."

रूपाने तिच्याकडे बघितलं. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. एक मीटर आत घेतलं तर धावणं जरा हलकं होईल, हे खरं. पण त्या एका मीटरच्या जोरावर ती आठवी पातळी गाठेल आणि पुण्याला जाईल. तिथे रोज दोन वेळा धावायचं, आणि तिच्याकडे बघणारं ओळखीचं माणूस नाही.

"नाय बाय. वीस म्हंजे वीस."

"मग तुम्ही कशाला माझी मावशी?" दिपिका म्हणाली आणि निघून गेली.

गुरुवारी रूपाने टेप लावून अंतर पुन्हा दोनदा मापलं. पुण्याहून दोघं आले होते, एक पांढऱ्या टोपीतले गृहस्थ आणि एक मध्यमवयीन बाई. आईबापांची जाळीबाहेर गर्दी होती. धनेश पुढे उभा होता. सखूबाई कुठे दिसत नव्हती. रूपा दोनदा गेटपर्यंत जाऊन आली. पुण्याच्या बाईंना सांगावं म्हणून ती त्यांच्याजवळ गेलीही, पण मिथुन सरांची नजर तिच्यावर होती आणि ती तशीच मागे फिरली.

टूं.

आठ मुली सुटल्या. पहिल्या पातळ्या म्हणजे चालण्यासारखंच. त्या एकमेकींकडे बघून हसत होत्या. दिपिका हसत नव्हती. ती फक्त समोरच्या रेघेकडे बघत होती. चौथ्या पातळीला पहिली मुलगी गळली, पाचव्याला दोघी. दूरच्या रेघेपाशी कोनाशेजारी रूपा उभी होती. दिपिका दर खेपेला तिच्या हातभर अंतरावर येऊन वळत होती आणि दर खेपेला तिचा श्वास रूपाला ऐकू येत होता. सहाव्या पातळीला तो शिट्टीसारखा वाजू लागला. मग रंग उतरू लागला. आधी ओठ, मग गाल. रूपाने सरांकडे हात केला. सर घड्याळात बघत होते.

"सात!" धनेश ओरडला. "शाब्बास! एकच राहिली!"

टूं. दिपिका आली, वळली, गेली. पलीकडे वळताना तिचा डावा हात छातीवर गेला आणि लगेच खाली आला. ती परत निघाली तेव्हा सरळ येत नव्हती. जरा डावीकडे कलत होती.

त्याच वेळी गेटपाशी रिक्षा थांबली आणि सखूबाईची हाक आली, "धनेश! थांबव! पोरीला थांबव!" धनेशने वळून बघितलं. बाकी कुणी बघितलं नाही. स्पीकर वाजतच होता.

रूपा रेघेवर आली. दिपिका समोरून आली तशी तिने दोन्ही हात पसरले आणि पोरीला छातीशी घट्ट धरलं.

"सोडा! सोडा मला! मावशी!" दिपिकाने तिला ढकललं, तिच्या खांद्यावर मुठी मारल्या. रूपाने सोडलं नाही. जाळीबाहेरून ओरडा झाला. मिथुन सर धावत आले, "रूपाबाई, वेड लागलंय का तुम्हाला?" मुठींचा मार सैल पडला. रूपाच्या हातांत पोरगी एकाएकी जड झाली आणि तिचं डोकं मागे गेलं.

पुण्याच्या बाईंना प्रथमोपचार येत होते. त्यांनी दिपिकाला मातीवर आडवं केलं, गळ्यावर बोटं ठेवली, पाय वर धरायला सांगितले. कुणीतरी स्पीकर बंद केला. अर्धं मिनिट गेलं असेल. रूपा तेवढा वेळ पोरीच्या तोंडाकडे बघत होती आणि तिला वाटत होतं की आपण आधीच उशीर केला आहे. मग दिपिकाने श्वास ओढला, डोळे उघडले आणि म्हणाली, "किती झाले?"

धनेशने तिला गाडीत घातलं. शेजारी सखूबाई बसली. गाडी गेली.

त्याच दुपारी रूपाला कामावरून काढलं. धनेशने इस्पितळातून फोन करून सांगितलं होतं की तिने झडप घातली म्हणून पोर घाबरून पडली. ज्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं तेही आता तसंच म्हणत होते. रूपाने ब्रश आणि पाइप जागेवर ठेवले, पिशवी घेतली आणि गेटबाहेर पडली.

इस्पितळात काय झालं ते तिला पुढे सखूबाईकडून कळलं. तपासणीत दिसलं की दिपिकाच्या हृदयाची भिंत जाड झाली आहे. जन्मापासून आत दडलेलं दुखणं, वयात येताना वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का?" धनेश म्हणाला, "नाही." सखूबाई म्हणाली, "हाय." आणि तिने लेकासमोर, सुनेसमोर, नातीसमोर जगनची गोष्ट पहिल्यापासून सांगितली.

डॉक्टर म्हणाले, औषधं चालतील, आयुष्य चालेल, पण स्पर्धेचा खेळ बंद. आणि हे रक्तातून येतं. तेव्हा वडिलांनी आणि आजीनेही तपासून घ्यावं, लवकर. सखूबाईने दुसऱ्याच दिवशी तपासून घेतलं. तिच्यात काही निघालं नाही.

"म्हंजे माज्या मालकाकडून, पोरांच्या बापाकडून आला आसंल," ती रूपाला म्हणाली. "आनि त्याचा दुसरा पोऱ्या कोन? धनेशच ना?"

रूपा आता पळस्प्याच्या वाटेवरच्या एका नर्सरीत काम करते. रोपांना पाणी घालते, पिशव्यांत माती भरते. एकदा मिथुन सर तिथे आले. दोन कुंड्या घेतल्या, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "आता डॉक्टरने समोर बसवून तपासल्याशिवाय मी टेस्ट घेत नाही." माफीचं काही ते बोलले नाहीत. तिने कुंड्या गाडीत ठेवून दिल्या. परत या, असंही ते म्हणाले नाहीत.

दिपिकाही एकदा आली, आजीबरोबर. पायरीवर बसली, चहा घेतला. रूपाने विचारलं, "बरी हायस ना?"

"हो." मग बऱ्याच वेळाने, "तुम्ही धरलं नसतं तर आठ झाले असते."

सखूबाई तिच्यावर ओरडली. रूपाने रिकामे कप उचलले. पोरीचं म्हणणं खरंही असेल. आठ झाले असते आणि त्यानंतर काय झालं असतं, ते बोलून दाखवायची तिला इच्छा नव्हती.

धनेशने अजून तपासून घेतलेलं नाही. तीनदा वेळ ठरली, तीनदा त्याला काम निघालं. "मला काय धाड भरलीय?" म्हणतो. दर रविवारी तो गाववाल्यांच्या संघातून टेनिस बॉलचं क्रिकेट खेळतो. वय चव्वेचाळीस, तरी धावा पळून काढतो. गेल्या महिन्यात सामन्यानंतर तो बराच वेळ स्टंपला धरून वाकून उभा होता. लोक म्हणाले, वय झालं.

सखूबाई मैदानावर जात नाही. रविवारी ती रूपाला फोन करते आणि धनेशची गाडी दारात येईपर्यंत काहीबाही बोलत राहते. रूपा हातातली पिशवी खाली ठेवते आणि ऐकत राहते. दिपिका मात्र बापाबरोबर जाते. सीमारेषेवर, सावलीत न बसता, उन्हात बसते, कारण तिथून त्याचा चेहरा दिसतो. पोरं ओरडतात, चेंडू तिच्या अंगावरून जातो, तिचं लक्ष नसतं. हातातल्या फोनवर रुग्णवाहिकेचा नंबर लावून ठेवलेला असतो. बाप धावत येतो आणि ती त्याच्या ओठांचा रंग बघते.